गुरुवारचे दोन फिल्टर

फिल्टर या विषयावर परभणी जिल्ह्यात माझ्याइतकं कोणी बोललेलं नाही. ही बढाई नाही, हा माझा धंदाच आहे. ठिबक सिंचनाचं दुकान आहे माझं. वाळूचा फिल्टर, जाळीचा फिल्टर, चकत्यांचा फिल्टर. विहिरीचं पाणी असेल तर कोणता, नदीचं असेल तर कोणता, शेततळ्यात शेवाळ माजलं असेल तर कोणते दोन एकापुढे एक लावायचे, हे मी काउंटरमागे उभा राहून, हातवारे करून, आवाज चढवत-उतरवत सांगतो. जिंतूरकडचे काही शेतकरी घ्यायचं काही नसलं तरी एसटीला वेळ आहे म्हणून दुकानात येऊन बसतात आणि चहा पिता पिता मला फिल्टरवर बोलतं करतात. मीही मग पडदा वर गेल्यासारखा सुरू होतो. अशा माणसाच्या हातून आयुष्यात एकच फिल्टर चुकला. तो त्याच्या थोरल्या बहिणीच्या पायथ्याशी होता. ही गोष्ट मी दुकानात अजून सांगितलेली नाही.

आक्का माझ्याहून अकरा वर्षांनी मोठी. वालूरला शाळेत तिनं तीसेक वर्षं भूगोल शिकवला. लग्न केलं नाही. का, हे तिला विचारायची छाती आमच्या खानदानात कोणाची नव्हती. निवृत्तीनंतरही ती वालूरलाच एका खोलीत राहायची, भिंतीवर जगाचा नकाशा लावून. मग तिला दम लागायला लागला. आधी जिना चढताना, मग अंगणात, मग नुसतं बोलताना. डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडावर धरून दाखवला. फुप्फुसं आतून कडक होत चालली आहेत, म्हणाले, आणि ती पुन्हा मऊ होत नाहीत.

"किती दिवस?" मी विचारलं.

"ते मी सांगत नसतो. घरी ऑक्सिजनचं मशीन लावा. आणि त्यांना काय आवडतं ते करा."

तर आक्का माझ्या घरी आली. सोबत एक पेटी, तो नकाशा आणि भाड्यानं आणलेलं ते मशीन. मशीन म्हणजे कमरेइतक्या उंचीचा एक डबा. खोलीतली हवा आत ओढायचा, त्यातला ऑक्सिजन वेगळा काढायचा आणि नळीतून आक्काच्या नाकात सोडायचा. दिवसभर घरघर चालू. त्याच्या पाठीला स्पंजाचा एक काळा चौकोन होता. मशीनवाल्यानं बजावलं, "हा याचा फिल्टर. दर गुरुवारी साबणानं धुवा, उन्हात खडखडीत वाळवा, मगच लावा. दोन देतो, एक लावलेला, एक वाळत." मला फार बरं वाटलं. म्हटलं, इथंसुद्धा फिल्टरच! ही जिम्मेदारी आपली.

काय आवडतं ते करा. पण आक्काला काय आवडतं हे आम्हाला ठाऊकच नव्हतं. विचारलं की म्हणायची, "सगळं हाय की. काय कमी हाय?" भावाच्या घरी राहायला आलेली बहीण आमच्याकडं मागत नसते. माहेरपणाला आली तर साडीचोळी हक्कानं घेईल. पण कायमची आली की पाण्याचा तांब्यासुद्धा स्वतः उठून घ्यायला बघते. तीन आठवडे मी रोज वेगवेगळ्या सुरांत विचारत राहिलो. शेवटी बेजार होऊन ती म्हणाली, "समुद्र बघितला न्हाई मी. पोरांना सगळे समुद्र शिकवले. बास, आता जा दुकानात."

समुद्र परभणीपासून कितीतरी लांब, आणि आक्का खाटेपासून मोरीपर्यंत जाताना दोनदा बसायची. म्हणून मी त्याच संध्याकाळी, जेवणाच्या ताटावरून उठून, उष्टा हात वर करून जाहीर केलं, "मी समुद्र घरी आणतो!"

बायको वाढत होती. "नळाला आठ दिवसांनी पाणी येतंय," ती म्हणाली, "आन् हे समुद्र आणायलेत."

पुण्यात समुद्री माशांचा एक व्यापारी फोनवर सापडला. समुद्र घरी ठेवता येतो, असं त्यानं सांगितलं. शुद्ध पाण्यात खास मीठ कालवायचं, काचेच्या टाकीत भरायचं, मासे सोडायचे आणि पोवळं लावायचं. कडक पोवळं ठेवायला कायद्यानं बंदी आहे, पण एक मऊ जात मिळते, तिचं नाव झेनिया. देठावर पिसांसारखे हात, आणि ते हात सारखे मूठ उघडमीट करत असतात, दिवसभर, कोणी न सांगता.

"दिवसभर?"

"श्वास घेतल्यासारखं, साहेब."

झालं. मी आक्काला सांगितलं. तिनं नकाशाकडं बघितलं आणि पहिल्यांदाच काहीतरी मागितलं. "ते उघडताना बघायचंय मला." डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं तरी मला साधारण अंदाज होता. टाकी आधी जिवंत होते की आक्का आधी जाते, अशी ती शर्यत होती, आणि त्या दिवसापासून मी मनातल्या मनात शिट्टी तोंडात धरून उभा होतो.

आता निवड आली. पुण्याचा व्यापारी म्हणाला, "साहेब, समुद्री टाकीत सगळं फिल्टरवर असतं. दोन वाटा आहेत. एक, बंद डब्याचा फिल्टर. टाकीखाली ठेवायचा. आत स्पंज आणि चिनी मातीची बोळकी असतात. पाणी एका नळीनं आत, दुसरीनं बाहेर. आवाज बिलकुल नाही. दुसरी वाट, टाकीखाली आणखी एक टाकी. वरचं पाणी काठावरून खाली पडत राहतं, खालच्या टाकीत फेस काढायचं यंत्र बसवायचं, तिथून पंप पाणी पुन्हा वर चढवतो. मी म्हणेन, दुसरी घ्या. फक्त आवाज होतो. पाणी पडतं ना सारखं."

फेस काढायचं यंत्र म्हणजे काय, हे मला लगेच कळलं. गुऱ्हाळात कढईतल्या रसावर मळी येते आणि झाऱ्यानं काढून टाकतात, तसंच. पाण्यात बारीक बारीक बुडबुडे सोडायचे, घाण त्यांना चिकटून वर येते आणि फेसाबरोबर वाटीत जाऊन पडते. कल्पना सुंदर होती. पण आवाज! खोलीत आधीच मशीनची घरघर. आजारी माणसाला शांतता पाहिजे, हे काय कोणाला विचारायचं असतं? शिवाय तो बंद डबा मला हुबेहूब आमच्या चकत्यांच्या फिल्टरसारखा दिसला. झाकण उघडा, काढा, धुवा, लावा. घरचा माणूस भेटल्यासारखं झालं. मी त्या व्यापाऱ्याला अर्धा तास फिल्टरवर व्याख्यान दिलं. तो बिचारा ऐकत राहिला आणि शेवटी म्हणाला, "तुम्ही जाणकार आहात."

आक्काला मात्र मी विचारलं नाही. ती समोरच खाटेवर बसून फोनवरचं सगळं ऐकत होती, आणि तिनंही काही म्हटलं नाही.

दिवाळीच्या आधी टाकी आली. तीन फुटांची, आक्काच्या पायथ्याशी, ती उशीला टेकून बसली की बरोबर नजरेसमोर. जारवाल्याचं पाणी मी दुकानातल्या क्षार मोजायच्या काडीनं तपासून घेतलं. मीठ कालवलं, दगड रचले. झरी गावचे एक काका पाइप घ्यायला दुकानात आले होते, त्यांनी ही हकीकत ऐकली.

"खारं पाणीच पायजे न्हवं शेठ? आमच्या बोअरचं न्या की. ढोरं तोंड लावत न्हाईत, इतकं खारं हाय."

"काका, त्यात मासे मरतील."

"ढोरं पीत न्हाईत त्यात मासे काय जगतेत, ते बी खरं हाय," काका म्हणाले आणि जाताना "समुद्राला रामराम सांगा" म्हणाले.

पण समुद्र लगेच सुरू होत नाही. घाण खाऊन टाकणारे जंतू आधी फिल्टरच्या बोळक्यांत वस्ती करतात, त्याला सहा आठवडे लागतात, असं पुण्यानं सांगितलं होतं. सहा आठवडे आक्का नुसत्या दगड-पाण्याकडं बघत बसली. "काय करायलेत तुझे जंतू?" रोज विचारायची. "अजून शाळा भरली न्हाई का?" सहा आठवड्यांत तिची बोटं निळसर व्हायला लागली होती. जेवताना ती चार घास खाऊन थांबायची, दम घ्यायची, पुन्हा चार घास.

मग थंडीत, थर्माकोलच्या खोक्यातून, पुण्याच्या ट्रॅव्हल्सनं दोन मासे आले. नारिंगी, अंगावर पांढरे पट्टे. दोन आठवड्यांनी झेनिया आलं, सुपारीएवढ्या दगडावर बसलेलं, चिंध्या झाल्यासारखं. दोन दिवस तसंच मेल्यासारखं पडून होतं. तिसऱ्या दिवशी सकाळी मी दाढी करत होतो आणि आक्काची हाक आली. आक्का हाक मारत नसे, तिला हाक परवडत नसे. मी तोंडाला फेस तसाच घेऊन धावलो.

झेनिया उघडलं होतं. सात-आठ देठ, प्रत्येकावर पिसांचे आठ आठ हात, आणि सगळे हात मुठी वळत होते, सोडत होते. काय सांगू!  आक्कानं मनगटावरचं घड्याळ डोळ्यांजवळ धरलं. शाळेत कवायतीच्या वेळी धरायची तसं.

"त्याचे छत्तीस," ती एका मिनिटानं म्हणाली. मग स्वतःच्या छातीवर हात ठेवून पुन्हा मोजलं. "माझे चोवीस."

तेव्हापासून रोज सकाळी हा हिशोब व्हायचा. त्याचे अडतीस, माझे पंचवीस. त्याचे पस्तीस, माझे सव्वीस. बायको चहा घेऊन गेली की विचारायची, "आज कोण जिंकलं?" आणि आक्का बोट टाकीकडं करायची. महिनाभर आमचं घर असं सुखात होतं. आता आठवलं की वाटतं, तो महिना मी जरा निवांत बसून बघायला पाहिजे होता. मी कुठला बसतोय. मी जाणकार!

गुरुवार आला की मी पितळी परात घेऊन गच्चीवर जायचो. आक्काच्या मशीनचा स्पंज साबणानं धुवायचा, पिळायचा, उन्हात घालायचा. एका गुरुवारी मनात आलं, आता हात ओले आहेतच तर टाकीचाही फिल्टर करून टाकू. डबा उघडला. आत काय ती घाण! स्पंजावर तपकिरी गाळ, बोळक्यांवर बुळबुळीत थर. शेतकऱ्यांना मी गेली पंचवीस वर्षं सांगत आलोय की फिल्टर आरशासारखा पाहिजे, नाही तर पुढचं सगळं शेत उपाशी मरतं. मी बोअरच्या पाण्याखाली एकेक बोळकं जुन्या दातांच्या ब्रशनं घासलं. पांढरीशुभ्र झाली. तरी वास जाईना.

"ऊन दाखवा," बायको म्हणाली.

आमच्याकडं सगळ्यावर हा एकच इलाज. गाद्यांना ऊन दाखवायचं, डाळीला, मिरच्यांना, बाळाच्या दुपट्याला, लोणच्याच्या बरणीला ऊन दाखवायचं. परभणीच्या उन्हाला कोणताच किडा टिकत नाही, हे खरंच आहे. मी परातीत एका बाजूला आक्काचा स्पंज आणि दुसऱ्या बाजूला ती बोळकी पसरली. दुपारपर्यंत दोन्ही खडखडीत. मशीनला स्पंज लावला, डब्यात बोळकी भरली. आक्काच्या मशीननं सुटकेचा श्वास टाकल्यासारखा आवाज केला. टाकी गप्प होती. तिचा आवाजच नव्हता.

ज्यांच्यासाठी आम्ही सहा आठवडे थांबलो होतो ते जंतू त्या बोळक्यांतच राहत होते. मी त्यांना घासून, धुवून, वाळवून मारलं होतं.

शनिवारी मासे पाण्याच्या वर तोंड काढून धापा टाकायला लागले. आक्का बघत होती. तिच्यासमोर, पायथ्याशी, दोन जीव तिच्यासारखेच तोंड उघडून हवा मागत होते. मी पुण्याला फोन लावला. मी काय केलं ते ऐकून तो जाणकार शब्द विसरला. "साहेब, पाणी बदला, आत्ताच्या आत्ता निम्मं." मी मीठ कालवत होतो, बायको बादल्या वाहत होती. रविवारी एक मासा गेला. झेनियाचे देठ आकसत गेले. सोमवारी दगडावर फक्त करड्या शेंबडासारखा एक गोळा होता.

आक्का मला एका शब्दानं बोलली नाही. हेच तिचं भयंकर असायचं. मेलेला मासा तिनं बघितलेला नव्हता. पहाटे तिचा डोळा लागला होता तेव्हा मी तो काढून कुंडीत पुरला होता. मग मला एक नाटक सुचलं. पुण्याहून गुपचूप दुसरा मासा मागवला, तेवढाच, तसाच, आणि ती अंघोळीला गेली असताना सोडला. ती परत आली, नळी नाकाला लावली, टाकीकडं बघत राहिली.

"हा तो न्हाई," ती म्हणाली.

"तोच हाय, आक्का. जरा सुधारलाय."

"त्याच्या डोळ्यामागचा पट्टा खाली तुटका होता. ह्याचा पुरा हाय." तिनं दम घेतला. "तीस वर्षं हजेरी घेतली मी. गैरहजर पोराच्या नावाला दुसरंच पोरगं 'हजर' म्हणलं, तर मला कळत नसंल काय?"

मी मान खाली घातली. पन्नाशी ओलांडलेला माणूस, दुकानाचा मालक, सहावीतल्या पोरासारखा उभा होतो. मग मी सगळं सांगून टाकलं. परात, ब्रश, ऊन. तिनं ऐकून घेतलं. 

"तुला एक सांगू का," ती म्हणाली. "आमची सहल गेली होती कोकणात. पोरं अन् मी. पोचलो तर एका पोरीला फणफणून ताप. बाकी सगळे समुद्रावर गेले. मी खोलीत तिच्या कपाळावर पट्ट्या ठेवत बसले. दोन दिवस. तिसऱ्या दिवशी परत."

"म्हणजे समुद्राच्या इतक्या जवळ जाऊन?"

"मधी माडाची वाडी होती. दिसायचा न्हाई. आवाज यायचा फक्त. पाणी पडल्यासारखा, सारखा. त्या पोरीला मी म्हणायचे, ऐक, समुद्र हाय." तिनं डोळे मिटले. "तुझा तो पुण्याचा माणूस पाणी पडणारी टाकी सांगत होता न्हवं."

"मग तू बोलली का न्हाईस गं?"

"तू हौसेनं करायलास. त्यात मी आणि काय सांगू?"

मी तिथून उठलो ते थेट दुकानात. त्या दिवशी गिऱ्हाइकाला मी दारातूनच परत पाठवलं. पाइप, एल्बो, व्हॉल्व्ह, सगळं घरचंच होतं. टाकीखाली दुसरी काचेची टाकी बसवली. फेसाचं यंत्र पुण्याहून आलं. टाकी रिकामी करून तिला वरच्या बाजूला छिद्र पाडून घेतलं, काठाला दातेरी पन्हळ बसवली. मासे दोन दिवस बादलीत, झेनियाचा तो गोळा भगोल्यात. घासलेली बोळकी फेकली नाहीत, खालच्या टाकीत ठेवली, कधी तरी पुन्हा वस्ती होईल म्हणून. होळीच्या आदल्या दिवशी पंप सुरू केला.

पाणी वरून खाली पडायला लागलं. आधी गचके देत, खाकरत. मी व्हॉल्व्ह अर्धा फिरवला आणि आवाज एकसारखा झाला. बायको हात पुसत दारात येऊन उभी राहिली. आक्कानं भिंतीकडं तोंड केलं होतं. मला वाटलं, आवडलं नाही. मग दिसलं की तिची पाठ हलतेय.  शेवटी म्हणाली, "पोरीचा ताप उतरला होता तिसऱ्या दिवशी. बरी झाली ती."

फेसाचं यंत्र दुसऱ्या दिवसापासून चहासारखा काळा मळ वाटीत टाकायला लागलं. मी वाटी रोज धुवायचो, फक्त वाटी. बाकी कशाला हात लावला की बायको गच्चीच्या जिन्यावर आडवी उभी राहायची. "ऊन दाखवायला चाललात काय?" पाणी सुधारलं. मासे खाली उतरले. झेनियाचा गोळा मात्र गोळाच राहिला. पुण्याचा माणूस म्हणाला, "थांबा. कधी कधी एका कणातून परत येतं. दुसरं पाठवू का?" मी आक्काला विचारलं. या वेळी विचारलं!

"न्हाई," ती म्हणाली. "तेच."

उन्हाळा चढत गेला. खोलीत कूलर लावला तर त्याच्या आवाजात पाण्याचा आवाज बुडायचा, म्हणून आक्का तो बंद करायला लावायची. बाहेर डांबर वितळायचं आणि आत ती घामानं निथळत पाणी ऐकत पडायची. टाकीवर दोन छोटे पंखे लावले होते पाणी गार राहायला. "त्याला पंखे, मला न्हाई," म्हणून हसायची, आणि मग हसण्याचं मोल फेडत पाच मिनिटं धापा टाकायची. चैत्रात तिला उशीला टेकून बसताही येईना. आडवं पडल्यावर पायथ्याची टाकी तिला दिसायची नाही, नुसती ऐकू यायची. मशीनचा काटा आम्ही दोनदा वाढवला होता. आता वाढवायला जागा नव्हती.

रोज सकाळी डोळे उघडले की ती विचारायची, "उघडलं का?"

पहिल्या दिवशी मी खरं सांगितलं. तिचा चेहरा काही बदलला नाही. पण त्या दिवशी ती दोन घासही जेवली नाही. दुसऱ्या दिवशी मी म्हणालो, "उघडलं, आक्का! एकच देठ आहे, पण उघडलं!" आणि मग मी रोज रंगवून सांगायला लागलो. आज दोन देठ. आज वरचा जरा आळशी आहे. आज मिनिटाला वीस. आज मासा जाऊन त्याला घासला, तर रागानं मूठ वळून बसलंय. माझ्या आयुष्यातला सगळ्यात चांगला प्रयोग चालला होता तो, श्रोता एक. ती डोळे मिटून ऐकायची आणि "हं" म्हणायची. दगडावर तो करडा गोळा तसाच होता.

वैशाख लागला असावा. सकाळी मी माशांना चिमूटभर खाणं टाकायला वाकलो आणि बघतच राहिलो. गोळ्याच्या कडेला एक देठ उभा होता, दोऱ्याइतका. टोकाला आठ हात. त्यांनी मूठ वळली. आता कायमचीच वळली असं वाटेपर्यंत थांबून मग सोडली.

"आक्का!" मी ओरडलो. घर दणाणलं, बायको पोळपाट टाकून आली. "आक्का, उघडलं! उघडलं गं! खरंच उघडलं!"

आक्कानं डोळे उघडले. नळीखालून, अगदी हळू, एकेका शब्दाला थांबत, ती म्हणाली,

"मग इतके दिवस... काय सांगायलास?"

 बायकोला आधी हसू फुटलं. मग आक्काला. ते हसू तिच्या छातीत अडकलं, ओठ काळेनिळे झाले, आम्ही दोघांनी तिला उचलून धरलं. ती शांत होईपर्यंत खोलीत फक्त पाणी पडत होतं. शांत झाल्यावर तिनं बोटानं टाकी दाखवली. बसवणं शक्य नव्हतं. मी कपाटावरचा आरसा काढून आणला आणि वाकून, तिरका करून, पायथ्याची टाकी तिच्या डोळ्यांसमोर आणली. आरशात समुद्र हलत होता.

"नीट धर," ती म्हणाली.

मी नीट धरला. तिनं बघितलं. घड्याळ आता तिच्या मनगटात राहत नव्हतं, उशाशी होतं. बायकोनं ते तिच्यासमोर धरलं. एक मिनिट गेलं.

"त्याचे अकरा," आक्का म्हणाली. "माझे मोज."

मी तिच्या पांघरुणाकडं बघत मोजले. चाळीसच्या पुढे गेले.

"सव्वीस," मी म्हणालो.

"खोटं," ती म्हणाली, आणि डोळे मिटले. पण नाराज दिसली नाही.

त्यानंतर नऊ दिवस होती ती. शेवटच्या सकाळी तिनं काही विचारलं नाही. म्हणून मीही सांगितलं नाही.

दिवस झाल्यावर मशीनवाला येऊन मशीन घेऊन गेला. खोली अचानक मोठी झाली. घरघर गेल्यावर पाण्याचा आवाज इतका स्पष्ट यायला लागला की बायको एकदा पंप बंद करायला गेली आणि बटणावर हात ठेवून तशीच परत आली. टाकी चालू आहे. झेनियाचे चार देठ झालेत. मी मोजत नाही.

मशीनवाल्याचा परवा फोन आला. "साहेब, मशीनसोबत दोन स्पंज होते, एकच आला. दुसरा तुमच्याकडं राहिला का?"

तो गच्चीवर परातीत होता. ती गेली तो गुरुवार होता, सकाळीच धुवून मी तो उन्हात घातला होता. इतक्या दिवसांच्या उन्हानं त्याचा रंग उडालाय, हात लावला की कडेनं भुगा पडतो.

"न्हाई," मी म्हणालो. "सगळीकडं बघितलं. आमच्याकडं न्हाई."

त्यानं विश्वास ठेवला.